बाळंती कोणी धुतली?

विजू, तुझ्या दफनाला मी बिनआंघोळीचा आलो होतो. कोणाच्या लक्षात आलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ज्याच्या लक्षात राहायचं तोच पेटीत होता. उजवी बाजू लुळी पडल्यापासून गेलं दीड वर्ष रोज सकाळी तूच मला आंघोळ घालत आलास. त्या दिवशी घरात एवढी माणसं, कोणी फुलांचं बघतंय, कोणी गाडीचं, कोणी तुझ्या सुरेखाला धरून बसलंय. त्यात माझी आंघोळ राहिली आहे असं म्हणायला जीभ रेटेना. कोणीतरी मला पांढरा शर्ट चढवला आणि चाकाच्या खुर्चीत बसवून घेऊन गेलं.

कबरीपाशी माणसं एकेक करून वाकून मला जवळ घेत होती आणि मी मान मागे घेत होतो. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला भावाचं दुःख सोसवत नाही. खरं कारण तुला सांगतो. माझ्या अंगाला वास येत असेल, अशी मला भीती होती. तुझ्यावर माती पडत होती आणि तुझा थोरला भाऊ स्वतःच्या घामाच्या काळजीत होता. याची मला लाज वाटते, विजू, आणि ती सांगण्यासारखा माणूस तूच होतास.

आज नाताळ आहे. चर्चमधून येऊन तासभर झाला असेल. सुरेखा आतल्या खोलीत पडली आहे, झोपली नसावी. मी डाव्या हाताच्या एका बोटाने फोनवर हे टिपतो आहे, त्यामुळे वेळ लागेल. आपला एक वाद अर्धा राहिला आहे आणि आज सकाळी त्यात जे झालं ते तुला कळायला हवं.

पहिल्या दिवसापासून सांगतो. हॉस्पिटलातून तू मला सुकापूरच्या घरी आणलंस, दुसऱ्या सकाळी न्हाणीघरात प्लास्टिकची खुर्ची ठेवलीस आणि बाह्या सरसावून उभा राहिलास. मी डाव्या हाताने पंचा घट्ट धरून बसलो होतो. "सोड ना, दादा. मी काय फोटो काढतोय का?" तू म्हणालास. मी डोळे मिटून घेतले. आई गेली तेव्हा तू चिमुरडा होतास आणि मीच तुला आंघोळ घालायचो, ते तू विसरला नव्हतास. "माझ्या डोळ्यांत साबण घालायचास ना? आता एकेक वसूल करतो बघ," असं म्हणून तू डोक्यावर तांब्या ओतलास. तू हसत होतास, मी हसलो नाही. त्या न्हाणीघरात मी कधीच हसलो नाही. कळंबोलीच्या तुझ्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कोणता ड्रायव्हर घाटात गाडी सोडून पळाला, कोणत्या शेठने फोनवर कोणाचा उद्धार केला, हे सगळं तू रंगवून सांगायचास, आणि मी जबडा आवळून, हे एकदाचं संपू दे म्हणत बसायचो. माझी लाज तुला दिसत होती, म्हणूनच तू एवढं बोलायचास, हे मला आता कळतं.

मला लाज का वाटत होती, तेही सांगतो. मी चर्चच्या मंडळीत कोण होतो हे तू पाहिलं आहेस. आयुष्य कचेरीत हेडक्लार्क म्हणून गेलं, पण नाताळच्या सकाळी मी वेगळाच माणूस असायचो. कडक इस्त्री, कोट, आणि घसा साफ करून मी शास्त्रवाचनाला उभा राहिलो की कडेवरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. एकदा पाळकसाहेब म्हणाले होते की तुमच्या तोंडून बाळ येशूची गव्हाणसुद्धा सिंहासनासारखी वाटते. मी ते वाक्य वर्षानुवर्षं मिरवलं. त्यात काही चुकतंय अशी शंकाही मला आली नाही.

तू मागच्या बाकावर सुरेखाशेजारी डुलक्या घ्यायचास आणि उपासना संपून बिर्याणीची पातेली उघडली की सगळ्यांच्या आधी जागा व्हायचास. सुरेखा बेलपाड्याची, मिठागरवाल्या घरातली. तुमचं लग्न रजिस्टर पद्धतीचं. तिने बाप्तिस्मा घेतला नाही, तू कधी मागे लागला नाहीस, पण दर रविवारी ती तुझ्याबरोबर येत राहिली. प्रभुभोजनाच्या वेळी आम्ही सगळे प्रभूचा देह आणि रक्त म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे जायचो आणि ती एकटी मागे बसून राहायची. बाप्तिस्मा नसलेल्याला ती भाकर नाही, नियमच तसा आहे, आणि तो पाळला जातो की नाही हे बघणाऱ्यांत मी पहिला होतो.

गेल्या नाताळला तू हट्टाने मला तयार केलंस. कोट चढवलास, केस विंचरलेस, खाली गाडी येऊन उभी होती. आणि खुर्ची दारापर्यंत पोचायच्या आत माझा ताबा सुटला. पँट, खुर्ची, फरशी, सगळं. मी म्हणालो, मला कुठे जायचं नाही.

"पाच मिनिटांचं काम आहे, दादा. धुतो, दुसरी पँट घालतो, चल."

"देवाच्या घरी असा जाऊ?"

तू गुडघ्यावर बसून फरशी पुसत होतास. मान वर न करता म्हणालास, "मग देव आपल्या घरी कसा आला होता? बाळंत्यात गुंडाळलेलाच ना? दरवर्षी तूच वाचतोस. बाळंतं कशासाठी असतं, दादा? ती बाळंती कोणी धुतली असतील?"

"तोंड सांभाळ," मी म्हणालो. "प्रभूच्या नावाला असलं काही चिकटवू नकोस."

"असलं म्हणजे? मरियेला काय बाळ पावडर लावूनच मिळालं होतं?"

"विजय, बाहेर हो."

मी तुला विजय म्हटलं की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक. तू बाहेर गेलास, बादली घेऊन. गाडी आपल्याला न घेताच गेली. दुपारी तू कुठून तरी डब्यात बिर्याणी आणलीस आणि मी ताटाला हात लावला नाही.

त्या दिवशी मला राग कशाचा आला होता, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. आपल्या चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा मीच मांडायचो. पेंढा आणायचो, झटकायचो, त्यातली घाण काडी काडी करून निवडायचो, मग त्यावर ते प्लास्टरचं गोरं बाळ ठेवायचो, हात पसरलेलं, गालावर गुलाबी रंग. असं बाळ कधी रडत नाही, कधी भिजत नाही, कोणाला रात्रीचं उठवत नाही. देवाने देह घेतला हे मी चाळीस वर्षं खणखणीत आवाजात वाचलं, पण देह म्हणजे काय हे मला माझा देह हातचा गेल्यावरच कळायला लागलं. कळलं तेव्हा मला त्याची किळस आली. म्हणून तुझा प्रश्न मला देवनिंदा वाटला.

आणि मी मुलांना काय शिकवायचो? नाताळ म्हणजे देणं. देवाने आपला पुत्र दिला, आपणही द्यावं. म्हणून स्टेशनबाहेर घोंगड्या, बिल्डिंगमधल्या प्रत्येक दाराला फराळाचं ताट. त्यात वाईट काही नव्हतं. पण खालच्या मजल्यावरच्या अमिनाभाभींनी ईदला शीरखुर्म्याचं भांडं पाठवलं की मला चैन पडायचं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यात काहीतरी जास्तीचं भरून परत. "ती प्रेमाने पाठवते आणि तू फिट्टंफाट करतोस," तू हसायचास. "तुला फक्त वरून खाली द्यायला आवडतं, दादा." मी तुला शेजारधर्म समजावून सांगायचो आणि तू माझ्या वाटणीचा शीरखुर्मा संपवायचास.

तुझी शेवटची सकाळ. न्हाणीघरात माझ्या टाचा घासता घासता तू म्हणालास, "पाळकसाहेबांशी बोललोय. या नाताळला तुला घेऊन जाणार. प्रभुभोजनाला तू टेबलापर्यंत जायचं नाहीस, ते भाकर घेऊन तुझ्याकडे खाली येतील."

"आणि भरवतील? ज्यांच्यासमोर मी जन्मभर वाचलं त्यांच्यासमोर आ करून बसू? लाळ गळते माझी."

"गळू दे. मी आहे ना पुसायला. आम्हाला मूल नाही झालं, तुझ्यावरच हात साफ करून घेतो."

हे तू हसत म्हणालास. मला ते लागलं, आणि तुला त्याहून जास्त लागत असणार. मग तू थांबलास. हातातला दगड खाली ठेवलास.

"मला तुझ्यासारखं बोलता येत नाही," तू म्हणालास. "पण देवाला काहीही होऊन येता आलं असतं ना? राजा, सेनापती, गेलाबाजार एखादा हेडक्लार्क. तो कसा आला, तर ज्याला स्वतःची मान धरता येत नाही असा. कोणी उचललं नसतं, पाजलं नसतं, पुसलं नसतं तर तो जगलाच नसता, दादा. आधी त्याने स्वतःला आपल्या हातात दिलं. आपण त्याला सांभाळलं. मग पुढचं सगळं. त्याला लाज वाटली नाही आणि तुला वाटते?"

मी टोमणा मारला. म्हणालो, "उपासनेत घोरणारा माणूस मला धर्मशास्त्र शिकवणार?"

तू टॉवेल पिळलास, माझे पाय पुसलेस आणि म्हणालास, "झोपेतपण ऐकू येतं. चल, उद्या बोलू." डबा घेऊन ऑफिसला गेलास. दुपारी कळंबोलीहून तुझ्या ऑफिसातला माणूस घरी आला. त्याने आधी सुरेखाला बसायला सांगितलं, तेव्हाच मला कळलं.

तुझ्यानंतर मंडळीतल्या लोकांनी नर्सिंग ब्युरोतून एक माणूस लावून दिला. चांगला होता, कामसू होता, आपलं आपण सगळं करून घ्यायचा. गंमत बघ, त्याच्यासमोर मला अजिबात लाज वाटली नाही. तो पगारी होता. त्याचं माझं नातं नव्हतं, तो सकाळी काय बघून गेला हे संध्याकाळी मला आठवायचंसुद्धा नाही. तेव्हा मला कळलं की मला लाज देहाची नव्हतीच. ज्याने माझ्यावर जीव लावला त्याच्या हातून घ्यायची लाज होती. तुझं ऋण वाटायचं म्हणून मी तुझ्यापुढे डोळे मिटत होतो. हे कळून उपयोग काय, तू तर गेलास.

यंदा दुःखाचं घर म्हणून आपल्याकडे कढई चढली नाही. चांदणी टांगली नाही. तर लोकांनी काय केलं असेल? करंज्या, चकल्या, केक, अनारसे. आठवडाभर दाराची बेल वाजते आहे. अमिनाभाभी स्वतः वर आल्या, डबा ठेवला, सुरेखाच्या डोक्यावरून हात फिरवला, "सब्र कर, बेटी," म्हणाल्या आणि गेल्या. ओट्यावर दुसऱ्यांच्या भांड्यांची रांग लागली. मी सुरेखाला म्हणालो, दुकानातून काहीतरी आणून भर त्यांच्यात, रिकामी कशी पाठवायची. ती म्हणाली, "दुःखाच्या घरानं नुसतं घ्यायचं असतं, भावजी. परत नाय द्यायचं. तसं केलं तर त्यांना वाईट वाटंल." तिने भांडी घासून रिकामीच परत केली. प्रत्येक भांड्याबरोबर मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

काल ब्युरोचा माणूस गावी गेला, त्याच्या घरी आजारपण आलं म्हणून. आज सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला, गाडी पाठवू का. मी नको म्हणालो आणि भिंतीकडे तोंड केलं. सुटलो, असंच वाटलं मला. थोड्या वेळाने सुरेखा दारात येऊन उभी राहिली.

"भावजी, पाणी काढलंय. चला."

"तो माणूस येईल परवा. आज राहू दे."

"आज नाताळ हाय."

"मी कुठे जाणार नाही आहे."

"नका जाऊ. पन आंघोळीचं काय?"

"सुरेखा," मी म्हणालो, "मी तुझा थोरला दीर आहे. हे बरं दिसत नाही."

ती येऊन पलंगाच्या कडेला बसली. बसली तीही माझ्यापासून अंतर राखून, नेहमीसारखी.

"दीड वरस पाणी मीच तापवतंय," ती म्हणाली. "तुमाला लागतं तसं. लई कडक नाय, लई कोमट नाय. ह्ये नुसतं ओतायचे आन गप्पा मारायचे." ती थोडी हसली आणि मग तिला रडू आलं. "अजून सकाळी उठून पाणी ठेवतंय मी. ठेवल्यावर आठवतं. आमाला मूल नाय, ह्ये पन गेले. माझ्या हाताला दुसरं काय काम हाय, सांगा. तुमी पन नाय म्हनलात तर मी कुनाचं करू?"

विजू, ते पाणी कोण तापवतं, हे मी दीड वर्षात एकदाही विचारलं नव्हतं. मी तुझ्या ऋणाने दबलो होतो आणि तिचं तर मला नावही आठवलं नव्हतं. मला वाटत होतं, नाही म्हणून मी तिची मर्यादा राखतो आहे. मी माझा कोट राखत होतो. बरं दिसत नाही, असं म्हणालो खरा, पण बेथलेहेमात तरी काय बरं दिसत होतं? परक्या गावी, गुरांच्या वासात, एका पोरीचं बाळंतपण, आणि देव रडतोय, कोणीतरी घ्यावं म्हणून. त्याने तेव्हा नको म्हटलं असतं तर मरियेच्या हातांनी काय करायचं होतं? तुझ्या प्रश्नाची ही बाजू माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. घेणाऱ्याने हात आखडला की देणाऱ्याचे हात रिकामे राहतात, हे मला सुरेखाचे हात बघून कळलं.

"चल," मी म्हणालो.

तिने पदर खोचला, माझ्या मांड्यांवर ओला पंचा नीट पसरला, जिथे बघायचं नाही तिथे बघितलं नाही, आणि धुवायचं ते सगळं धुतलं. या वेळी मी डोळे उघडे ठेवले. लाज होतीच. पाठीला साबण लावताना तिने विचारलं, "पानी बरोबर हाय?" तूही रोज हेच विचारायचास आणि मी हूंसुद्धा म्हणत नव्हतो. "बरोबर आहे," मी म्हणालो. "छान आहे, सुरेखा." एवढंच. तुला हे कधी मिळालं नाही, म्हणून मला हुंदका आला, आणि डोळ्यांत साबण गेला समजून तिने घाईघाईने स्वच्छ पाणी मारलं. कपडे घालून झाल्यावर मी तिला म्हणालो, पाळकसाहेबांना फोन लाव, गाडी पाठवा म्हणावं.

माझी खुर्ची तुमच्या मागच्या बाकाला, सुरेखाशेजारी लावली. वाचायला कोणी नवी मुलगी होती, अडखळत होती. बाळंत्यात गुंडाळल्याचं वाचून ती पुढे गेली, मी तिथेच राहिलो. मग प्रभुभोजन सुरू झालं. रांग संपली, आणि तू ठरवून ठेवलं होतंस तसे पाळकसाहेब तबक घेऊन खाली आले. सगळ्या माना मागे वळल्या. ज्यांना मी शिस्त शिकवली ते सगळे मला बघत होते. मी तोंड उघडलं. त्यांनी भाकरीचा तुकडा आत ठेवला, पण तो उजवीकडे गेला, तिथे मला काही कळत नाही, आणि लाळेबरोबर तो ओठावरून खाली निसटला.

सुरेखाने तो झेलला. रोज घास भरवताना तू माझ्या हनुवटीखाली हात धरायचास, ते तिने दीड वर्ष पाहिलं होतं. तिच्या तळहातावर तो ओला तुकडा, आणि ती गोठल्यासारखी बसलेली. नियम तिला माहीत आहे, इतकी वर्षं ती मागे बसली आहे. तिने पाळकसाहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती घाबरली होती. पाळकसाहेब तबक धरून थांबले. मीच नियमाचा माणूस, मी काय म्हणतो याची ते वाट पाहत असावेत. दुसरा तुकडा द्या, एवढं म्हटलं असतं तर सगळ्यांची सुटका झाली असती, माझी सगळ्यात आधी.

"भावजी," ती अगदी हळू म्हणाली, "डावीकडनं घ्या."

विजू, लाळ गळत होती, लाज वाटत होती, अजूनही वाटते आहे. मी पुन्हा तोंड उघडलं, आणि तिने मला भरवलं.